उमापूर, नाथसागर आणि पासष्टचा आकडा

गोदावरीच्या दक्षिण काठावरच्या शेतकऱ्याला दोन पासष्ट पाठ असतात. पहिला पासष्ट मिलिमीटरचा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला, की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. त्याखालचा पाऊस पीक आडवं करून गेला तरी त्या निकषात बसत नाही. दुसरा पासष्ट टक्क्यांचा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नगर-नाशिककडच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असा दंडक आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं उमापूर या दोन्ही पासष्टांच्या टापूत येतं. गाव महसूल मंडळाचं ठिकाण आहे, त्यामुळे पहिला पासष्ट गावाच्याच नावाने नोंदला जातो. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते आणि पैठणचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावच्या धरणाकडे जातो, म्हणून दुसरा पासष्टही दाराशीच. हे आकडे कुठे जन्मतात, कोण मोजतं, किती वर्षांपासून मोजतं, हे पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात, दसरा होऊन आठवडा झाल्यावर निघालो. आधी पैठण, मग उमापूर, आणि शेवटी नदीकाठी राक्षसभुवन.

पैठणला पोहोचलो तेव्हा नाथसागर तुडुंब होता. दोनच आठवड्यांपूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, धरणातून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं होतं आणि गोदाकाठच्या गावांतून लोकांना रातोरात हलवावं लागलं होतं. काठावरच्या बाभळींच्या शेंड्यांना अजून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि उसाचं पाचट लोंबत होतं. पुराने आपली पातळी झाडांवर लिहून ठेवली होती.

जायकवाडी हे नाव पैठणचं नाहीच. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गोदाकाठचं गाव. धरणाची पहिली योजना त्या गावाजवळची होती. पुढे जागा बदलली, शंभर किलोमीटरहून अधिक वर, पैठणला आली. नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दहा किलोमीटरहून लांब मातीची भिंत, २७ दरवाजे, एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा २१७१ आणि उरलेला ७३८ मृतसाठा. संत एकनाथांच्या गावचं पाणी म्हणून जलाशयाचं नाव नाथसागर.

भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. रीतसर परवानगी काढून मी जे पाहायला गेलो होतो ते अगदी साधं आहे: पाण्यात उतरत गेलेली, रंगवलेली मोजपट्टी. मीटर, डेसिमीटर, सेंटीमीटर. पूर्ण भरल्याची पातळी ४६३.९०६ मीटर. पैठणमध्ये मात्र आजही लोक '१५२२ फूट' असंच म्हणतात, आणि दोन्ही एकच आहेत. पूर असला की ही पट्टी तासातासाला वाचली जाते, एरवी दिवसाला. दर आठवड्याला केंद्रीय जल आयोग देशातल्या मोठ्या जलाशयांचा जो तक्ता काढतो, त्यात जायकवाडीची ओळ असते. ती ओळ या पट्टीवरून निघते.

पट्टीवरच्या एका सेंटीमीटरचं मोल काय, याचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला. जलाशय भरला की पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. त्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ३५० कोटी लिटर. दहा हजार वस्तीच्या गावाला माणशी दिवसाला ५५ लिटर दिले, तर हे पाणी सतरा वर्षं पुरेल. नखाएवढ्या रुंदीची ती काळी रेघ मला त्यानंतर वेगळीच दिसायला लागली. तिथे उभा राहून रोज ती वाचणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम किती मोठं आहे! लाटा हलत असतात, वारा असतो, पाणी पट्टीवर वरखाली होतं. चार-पाच वेळा पाहून मधला आकडा घ्यावा लागतो. हे काम कंटाळा न करता चाळीस-पन्नास वर्षं चालू राहतं, तेव्हा कुठे पैठणच्या पाण्याबद्दल खात्रीने एखादं वाक्य बोलता येतं.

पण पट्टी सांगते ती फक्त पातळी. पातळीवरून साठा काढायला तक्ता लागतो: अमुक पातळीला अमुक पाणी. हा तक्ता तळाच्या आकारावर बेतलेला असतो आणि तळ दर पावसाळ्यात बदलतो. गोदावरी गाळ आणते, प्रवरा आणते, नाशिकपासून उतरणारी काळी माती इथे येऊन बसते. तक्ता जुना राहिला तर पट्टी तीच पातळी दाखवते आणि प्रत्यक्षात पाणी कमी भरलेलं असतं. म्हणून ठरावीक वर्षांनी जलाशयाचा गाळ मोजावा लागतो. एक पद्धत होडीतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजण्याची. दुसरी उपग्रहाच्या चित्रांवरून: पाणी उतरत जातं तसतसा वेगवेगळ्या पातळ्यांना पसारा किती आहे ते मोजून नवा तक्ता बांधायचा. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे 'मेरी' म्हणतात, राज्यातल्या धरणांसाठी हे काम करते. ही संस्था १९५९ ची. तिचं नाव बातम्यांत क्वचित येतं, पण मराठवाड्याच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाद तिच्याच मोजमापांशी येऊन थांबतो.

त्या वादाला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. टंचाईच्या वर्षी एका खोऱ्यातल्या सर्व धरणांनी तूट वाटून घ्यावी, हे त्यात लिहिलं आहे. किती आणि कसं वाटून घ्यायचं, हे मेंढेगिरी समितीने २०१३ च्या अहवालात मांडलं. त्यातून प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा याच हिशेबाने वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे नोव्हेंबरात पाणी आलं. जायकवाडीचा एक टक्का म्हणजे २१७१ कोटी लिटर. नगरचा शेतकरी आणि गेवराईचा शेतकरी, दोघांच्याही घशाला कोरड आहे आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. अशा वेळी मधे उभी राहू शकते ती फक्त नीट ठेवलेली नोंद. ती संशयास्पद ठरली की उरते ती ज्याची त्याची ताकद.

धरणातलं पाणी माणसांइतकंच सूर्यही पितो. नाथसागर पसरट आहे, खोली बेताची. मे महिन्यात पाणी आक्रसून पसारा अडीचशे चौरस किलोमीटरवर आला असं धरलं आणि दिवसाला सात मिलिमीटर वाफ झाली असं मानलं, तरी रोज १७५ कोटी लिटर पाणी आभाळात जातं. हे मोजायचं साधनही साधंच आहे: चार फूट व्यासाचं, दहा इंच खोल, पत्र्याचं गोल पात्र. त्यात रोज ठरल्या वेळी पाणी किती उतरलं ते पाहायचं. वर बारीक जाळी असते, कारण उन्हाळ्यात कावळे आणि चिमण्या त्यात चोच घालतात, आणि पाखरांनी प्यालेलं पाणी वाफेच्या खात्यात जाता कामा नये. मोजणी म्हणजे अशी असंख्य बारीक पथ्यं.

दुपारी काठाकाठाने हिंडलो. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. थंडी पडल्यावर बदकं आणि रोहित पक्षी येतात. मी गेलो तेव्हा त्यांची वेळ झाली नव्हती, पाणकावळे मात्र खुंटांवर पंख वाळवत बसले होते. एक मासेमार थर्माकोलचा तराफा ओढत पाण्याशी चालला होता. माझ्या पिशवीत एक तबकडी होती: जेवणाच्या ताटाएवढी, वीस सेंटीमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीने काळी-पांढरी रंगवलेली, मधोमध दोरी, दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्राचं पाणी किती नितळ आहे हे पाहायला अशी पांढरी तबकडी वापरली. काळ्या-पांढऱ्या चकत्या नंतर आल्या. तबकडी हळूहळू सोडायची. दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. दीडशे वर्षं होऊन गेली तरी जगभरचे सरोवर-अभ्यासक हीच तबकडी वापरतात, कारण साधन बदललं नाही म्हणजे जुन्या नोंदी नव्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

"हे काय मोजता?" मासेमाराने विचारलं.

"पाणी किती गढूळ आहे ते."

तो हसला. "पुराचं पाणी हाय भाऊ. दिवाळीपर्यंत बसंल गाळ."

त्याला विनंती करून तराफ्याच्या कडेवरून तबकडी सोडायला लावली. तिसरी गाठ भिजायच्या आतच तबकडी तांबूस पाण्यात हरवली. मी वहीत तारीख, वेळ, जागा आणि तो आकडा लिहिला. एका नोंदीला काही अर्थ नसतो, हे मला ठाऊक होतं. पण त्या माणसाने दिवाळीपर्यंत गाळ बसेल असं जे सांगितलं, ते त्याने वीस-पंचवीस वर्षं या पाण्याकडे पाहून सांगितलं होतं. त्याची नोंद डोळ्यांत होती. कागदावर ती कुणी उतरवून घेतलेली नाही, एवढीच उणीव.

गढूळपणा गाळाचा असतो, तसा शेवाळाचाही असतो, आणि तो जास्त काळजीचा. वरच्या अंगाला नाशिकसारखं शहर आहे. छत्रपती संभाजीनगरची खाम नदीही शहराचं सांडपाणी घेऊन याच जलाशयाकडे येते. शेतातली खतं पावसाबरोबर वाहून येतात. संभाजीनगर, जालना आणि काठावरची कितीतरी गावं हेच पाणी पितात. मग सांडपाण्यातल्या नेमक्या कशाने पाणी हिरवं होतं? याचं उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिलं. ऑन्टारियोच्या वायव्येला, जंगलातली काही तळी १९६८ पासून फक्त प्रयोगासाठी राखून ठेवली आहेत. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध कंबरेसारखा चिंचोळा भाग होता. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्लॅस्टिकचा पडदा टाकून तळं दोन भागांत तोडलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात त्याच दोन गोष्टी आणि वर फॉस्फरस. पहिला भाग गडद राहिला, दुसरा पोपटी हिरवा झाला. विमानातून काढलेलं ते छायाचित्र पाहिलं की व्याख्यानाची गरज उरत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर पुढे जी बंधनं आली, त्यांमागे हा पुरावा होता. आणि तरीही २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने खर्च वाचवण्यासाठी हे काम बंद करायचं ठरवलं. शास्त्रज्ञ आणि सामान्य लोक त्याविरुद्ध उभे राहिले, २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते अंगावर घेतलं आणि नोंदी वाचल्या. श्रीमंत देशातही पाणी भरपूर दिसत असलं की पाण्याच्या मोजणीवरचा खर्च आधी डोळ्यांत येतो.

आपल्याकडेही वेगळं नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात एका लहान तलावाच्या जुन्या पातळी-नोंदी मागायला गेलो होतो. तिथल्या माणसाने आपुलकीने चहा दिला आणि सांगितलं, जागा बदलली तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या. तीस-एक वर्षांचं पाणी किलोच्या भावाने गेलं. तलाव आजही तिथेच आहे. त्या वर्षांत तो कसा भरत होता, कधी आटत होता, हे आता कितीही पैसा ओतला तरी कळायचं नाही.

पैठणहून शेवगाव, तिथून बोधेगावच्या बाजूने गेवराईच्या रस्त्याला लागलं की उमापूर येतं. दोन्ही अंगांना कापूस, तूर, मधेच उसाचे हिरवे पट्टे. त्या वर्षीचा कापूस पाहवत नव्हता. बोंडं काळी पडली होती, सखल रानात पाणी अजून साचून होतं. रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. जिल्ह्याचं सरासरी पाऊसमान ६६६ मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरीने पाऊस कधीच पडत नाही. एका वर्षी रान जळतं, दुसऱ्या वर्षी रान सडतं, आणि दोन्हींची बेरीज भागून निघालेला आकडा कागदावर समाधानाने बसून राहतो.

उमापुरात ज्यांच्याकडे उतरलो त्यांना गावात सगळे तात्या म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. घरापासून चार शेतं ओलांडली की त्यांची विहीर: जुनी, दगडी बांधणीची, एका अंगाने उतरत गेलेल्या पायऱ्यांची. पहिल्या सात पायऱ्यांशेजारच्या भिंतीवर डांबराने आकडे घातलेले. त्या दिवशी पहिल्या तीनच पायऱ्या उघड्या होत्या, चौथीवर पाणी डुचमळत होतं. तात्यांनी चप्पल काढून चौथीवर पाय ठेवला, घोट्यापर्यंत पाणी आलं.

"तीन उघड्या, चौथी भिजली," ते म्हणाले. "लिव्ह गं."

मागे त्यांची सून उभी होती. तिने पदराच्या गाठीतून पेन्सिलीचा तुकडा काढून हातावर तीन लिहिलं, घरी जाऊन उतरवायला.

उतरवायचं कशात, ते संध्याकाळी पाहिलं. माजघरात लोखंडी पेटी होती, तिच्यात कालनिर्णयच्या जुन्या दिनदर्शिका. १९७२ च्या दुष्काळात तात्यांच्या वडिलांनी ही विहीर दोन परस, म्हणजे दोन पुरुष, खोल नेली. त्याआधी सात परस होती. पाणी लागलं तेव्हापासून पायऱ्या मोजायची सवय जडली. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, कालनिर्णय निघालं. काही वर्षांनी ते घरात आलं आणि नोंदीला चौकटी मिळाल्या. दुधाचा हिशेब, गाय फळल्याची तारीख, बाजाराला कापूस नेला तो दिवस, आणि महिन्यातून दोनदा, अमावस्येला आणि पौर्णिमेला, कोपऱ्यात एक आकडा: उघड्या पायऱ्या. पाऊस पडला असेल तर त्या चौकटीत एक, दोन किंवा तीन टिंबं. एक टिंब म्हणजे ढेकूळ भिजलं, दोन म्हणजे सरीतून पाणी वाहिलं, तीन म्हणजे बांध फुटला. वडिलांचं अक्षर मोडीच्या वळणाचं, तात्यांचं ठसठशीत, आणि अलीकडचं सुनेचं, बारीक निळ्या शाईतलं. बारावी शिकलेली आहे ती. तिने गेल्या तीन वर्षांपासून टिंबांच्या शेजारी मिलिमीटरही लिहायला सुरुवात केली आहे. मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे मोबाइलवर मिळतात, ते पाहून.

"मामा म्हणले, आपल्या रानात टिंबं तीन आन् मंडळात पासष्ट न्हाई, आसं दोनदा झालं," ती म्हणाली. "म्हनून दोन्ही लिव्हते."

हे तिने फार साधेपणाने सांगितलं, पण पर्जन्यमापनातली सगळ्यांत अवघड गोष्ट तिने त्यात सांगून टाकली होती. एका मंडळात पंधरा-वीस गावं असतात, मापक एका जागी. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि पलीकडचा बांध कोरडा ठेवतो. केंद्रं दाट नसतील तर त्या पावसाला कागदावर अस्तित्वच नसतं. तिच्या चौकटीतली तीन टिंबं सरकारी पुरावा नाहीत, हे तिलाही माहीत आहे. तरी ती लिहिते.

पेटीतल्या सगळ्या दिनदर्शिका नाहीत. मधल्या काही वर्षांच्या वाळवीने खाल्ल्या. तात्या त्या वर्षांबद्दल बोलताना अडखळत होते. तेव्हा पाणी किती होतं, ते त्यांना नीट सांगता येईना. "याद ऱ्हात न्हाई," एवढंच म्हणाले. सगळ्यांत वाईट वर्षं मात्र त्यांना दिनदर्शिका न पाहता आठवतात. २०१३ साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं बीड जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. त्या दोन्ही वेळी जायकवाडीही मृतसाठ्यावर होतं. त्या उन्हाळ्यांच्या चौकटींत पायऱ्यांचा आकडा नाही. पायऱ्या संपल्यावर दोरी सोडून मोजलेले परस आहेत, आणि दोन महिने नुसती आडवी रेघ.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही गावोगावच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदींवरून टंचाईचा अंदाज निघतो, टँकरचं नियोजन होतं. काम मोलाचं आहे. पण आपल्या वाचनात येणारी बातमी बहुतेक वेळा अशी असते: पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत पातळी इतकी घटली किंवा वाढली. मला या पाच वर्षांची भीती वाटते. लागोपाठ पाच वर्षं विहिरी खाली जात राहिल्या तर सरासरीही त्यांच्याबरोबर खाली उतरते, आणि सहाव्या वर्षीची खोल गेलेली विहीर 'सरासरीइतकी' ठरते. घसरण डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ती दिसायला पन्नास वर्षांची रांग लागते. तात्यांच्या पेटीत, वाळवीने पाडलेली भोकं धरूनही, ती रांग आहे. त्यांनी मला वडिलांच्या काळातली मे महिन्यांची पानं आणि अलीकडची पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. पूर्वीच्या मे महिन्यात पायऱ्यांचे आकडे आहेत. अलीकडे साध्या वर्षीही मे उजाडायच्या आत परसाची दोरी सुरू होते. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांनी स्वतःच बांधावरून हात फिरवून चारही दिशांचे बोअर मोजून दाखवले.

जेवताना मी त्यांना सैबेरियातल्या बायकाल सरोवराची गोष्ट सांगितली. इर्कुट्स्कचे मिखाईल कोझॉव्ह यांनी १९४५ साली किनाऱ्यापासून जवळजवळ तीन किलोमीटरवरची एक जागा ठरवली आणि दर सात ते दहा दिवसांनी तिथलं पाणी तपासायला सुरुवात केली. तापमान, नितळपणा, सूक्ष्म जीव. हिवाळ्यात सरोवर गोठलं की बर्फाला भोक पाडून. त्यांच्यानंतर मुलगी ओल्गा कोझोव्हा यांनी काम चालवलं, तिच्यानंतर नात ल्युबोव्ह इझमेस्त्येवा यांनी. सोव्हिएत संघ कोसळला, पगार थांबले, तरी मोजणी थांबली नाही. २००८ साली या साठ वर्षांच्या नोंदी जगापुढे आल्या तेव्हा कळलं, की जगातल्या सगळ्यांत खोल सरोवराचं वरचं पाणी १९४६ पासून १.२ अंशांनी तापलं आहे. एवढं थंड, एवढं अवाढव्य पाणी इतक्या लवकर तापेल असं कुणी धरलं नव्हतं.

सून भाकरी वाढता वाढता थांबली. "आजोबा, मग लेक, मग नात," तिने बोटं मोजली. "आन् सुनंचं काय?"

तात्या खूप वेळ हसत होते. रात्री मी निजलो तेव्हा माजघरातून पेटीचं झाकण वाजलं. त्या दिवशी ना अमावस्या होती ना पौर्णिमा, पण पाहुणा आला म्हणून तिने चौकटीत तीन लिहून ठेवलं होतं.

सकाळी राक्षसभुवन गाठलं. शनीचं ठाणं म्हणून लोक इथे लांबून येतात. जवळच पांचाळेश्वर, महानुभावांचं आत्मतीर्थ, गोदेच्या पात्रालगत. पुराचा चिखल अजून पायऱ्यांवर होता आणि बाया झाडण्या घेऊन तो ओढत होत्या. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठलं. गोदावरीला पूर होता, निजामाचं सैन्य नदीमुळे दोन काठांवर तुटलं होतं, आणि अलीकडे अडकलेल्या फौजेशी झालेल्या लढाईत दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. शाळेत ही लढाई आपण पराक्रमाची म्हणून शिकतो आणि ती तशी होतीच. पण ती नदीच्या पातळीचीही होती. माधवरावांना पाणी केव्हा चढलं आणि ते किती दिवस उतरणार नाही, याचा अंदाज असावा.

आज त्याच पात्रात वाळूचे खड्डे आहेत. वाळू ही नदीची साठवणीची पिशवी. ती उपसली की पूर ओसरल्यावर काठच्या विहिरींना मिळणारं पाझराचं पाणी तुटतं. पात्र किती खाली गेलं हे दाखवायला जुनी पातळी लागते. घाटावरच्या एका म्हाताऱ्या गुरवाने दगडी पायऱ्यांकडे बोट दाखवून, लहानपणी वाळू कोणत्या पायरीला लागत होती ते सांगितलं. आता तिथून खाली माणूसभर उंची मोकळी आहे. त्याने सांगितलेली पायरी मी वहीत लिहून घेतली, चित्रासकट.

१५ ऑक्टोबरला मी परतीच्या वाटेवर होतो. त्या दिवशी जायकवाडीच्या पासष्ट टक्क्यांबद्दल कुठे चर्चा नव्हती. धरण भरलेलं होतं, भांडण नव्हतं, म्हणून बातमीही नव्हती. पण पट्टी त्या सकाळीही वाचली गेली असणार आणि आकडा वहीत चढला असणार. पुढच्या एखाद्या कोरड्या वर्षी दोन जिल्हे समोरासमोर उभे राहतील, तेव्हा जो हिशेब मांडला जाईल त्यात या भरल्या वर्षाची ओळही लागेल. हिवरे बाजार या गावाने पावसाची आणि विहिरींची मोजणी ग्रामसभेसमोर ठेवून दरवर्षी पिकं ठरवायची पद्धत घातली, ती दुष्काळाच्या भीतीने. टिकवली मात्र चांगल्या पावसाच्या वर्षांतही. हिवरे बाजार त्यामुळे हिवरे बाजार आहे.

तुमच्या शिवारात जुनी विहीर असेल, गावाला तलाव असेल, तर एवढं करा. काठावर न हलणारी एक जागा ठरवून रंगाने खूण करा. जलवर्ष १ जूनला सुरू होतं. त्या दिवशी खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजा आणि तारखेसकट लिहा. मग दर अमावस्येला आणि पौर्णिमेला, पाऊस असो नसो. वही एकच ठेवा, दर वर्षअखेरीस तिच्या पानांचे फोटो काढून शाळेत एक प्रत द्या, म्हणजे वाळवीला दोन घरं फोडावी लागतील. आणि घरातल्या एका लहान मुलाला किंवा मुलीला पहिल्या दिवसापासून सोबत न्या.

उमापूरच्या त्या विहिरीवर, माझ्या परतीनंतरच्या अमावस्येला, चार पायऱ्या उघड्या होत्या. सुनेने फोन करून कळवलं.